पियानोची पाठ

वाजवा. मारू नका. दुधाचे हात आधी पुसा.

ही पाटी विजयमाला सुतार हिने स्वतःच्या हाताने रंगवली होती. पहिली दोन वाक्यं वरून आलेली. तिसरं तिचं. पियानो क्रमांक तीन गंगावेशीतल्या दूधकट्ट्याला लागून आहे. तिथं सकाळ-संध्याकाळ म्हशी उभ्या असतात, लोक पेला पुढं करून धारोष्ण दूध पितात आणि ओठ पुसायच्या आधी पियानोवर एक बोट मारतात. योजना आखणाऱ्यांना हे पुण्यात बसून कसं ठाऊक असणार? पहिल्याच आठवड्यात मधल्या चार पट्ट्या चिकटल्या, तेव्हा तिने ब्रश उचलला आणि पाटी लांबवली.

कोल्हापूर शहरात असे अकरा पियानो होते. मुंबई-गोव्याकडच्या घरांतून आणि बंद पडलेल्या शाळांतून गोळा केलेले, उभ्या पेटीचे, कुणालाही नको असलेले. पाडव्याला ते चौकाचौकांत पत्र्याच्या छपराखाली मांडले गेले. रंगवले विजयमालाने. सुरात लावले तिच्या नवऱ्याने, सर्जेरावने.

तिचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग फ्लेक्स आला आणि बापाचे ब्रश वाळून कडक झाले. सहा वर्षांपूर्वी फ्लेक्सवर बंदी आली तेव्हा तेच ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजवून विजयमाला पुन्हा शिडीवर चढली. सर्जेरावच्या घरात तीन पिढ्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करत आलेल्या. पियानो तो तरुणपणी गोव्याच्या एका म्हाताऱ्याकडून शिकला होता. शिक्षण चाळीस वर्षं तसंच पडून राहिलं आणि साठाव्या वर्षी कामाला आलं.

नवरा-बायको एकाच कामावर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, ही गोष्ट वेगळी.


पाठीला हात लावू नये. लेप नाजूक आहे.

उभ्या पियानोची तोंडाची बाजू वाजवणाऱ्याकडे असते. खरा आवाज पाठीतून येतो. पाठीला एक मोठी पातळ फळी असते, तारांची थरथर ती फळी पकडते आणि हवेत सोडते. विजयमालाने चित्रं काढली ती या फळीवर. गंगावेशीत तिने म्हशी काढल्या, दुधाची धार काढली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, आभाळात, सात बगळे.

चित्रांवर तिने एक पारदर्शक लेप दिला. तो मात्र तिचा नव्हता. तो डॉ. ऋजुता केळुसकर नावाच्या बाईंनी प्रयोगशाळेत दहा वर्षं घालवून बनवला होता. त्याचं खरं नाव अडीच ओळींचं होतं. गावाने दोन दिवसांत त्याचं मोरलेप करून टाकलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

मोराच्या पिसात निळा रंग नसतो. पीस कुटून भुकटी केली तर तपकिरी धूळ हाती येते. निळेपणा येतो तो पिसातल्या अतिसूक्ष्म थरांमुळे. थर एकमेकांपासून किती अंतरावर आहेत त्यावर कुठला उजेड परतायचा हे ठरतं. केळुसकर बाईंनी तसेच थर एका मऊ, लवचिक पदार्थात बसवले. पदार्थ ताणला की थरांमधलं अंतर बदलतं, आणि रंगही. फळी थरथरली की लेप थरथरतो. पियानो वाजला की चित्र चमकतं.

आता गंमत अशी, की तार सेकंदाला दोन हजार वेळा हलते तेव्हा डोळ्याला काहीच हललेलं दिसत नाही. एक स्थिर झळाळी दिसते, बस्स. पण पियानोच्या वरच्या प्रत्येक पट्टीला तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही तंतोतंत एका सुरात हव्यात. एक दोन हजारला आणि दुसरी दोन हजार तीनला असेल, तर दोघींची थरथर सेकंदातून तीन वेळा एकत्र येते आणि तीन वेळा एकमेकींना मारते. कानाला ते वांव-वांव-वांव असं ऐकू येतं. डोळ्याला फडफड दिसते. तारा जुळल्या की फडफड थांबते.

केळुसकर बाईंनी पाडव्याआधी हे सगळं विजयमालाला चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं होतं. सर्जेराव तेव्हा शेजारीच बसला होता. "हं," म्हणाला होता.

त्याला त्यातला एक शब्दही कळला नव्हता, हे तिला पुढं दीड महिन्याने कळलं.


चालू काम. खालून जाऊ नये.

वैशाखातली सकाळ. विजयमाला पलीकडच्या रसवंतीची पाटी रंगवायला शिडीवर चढलेली. कुणीतरी पियानो वाजवत होतं.

"वैनी!" खालून बंडा मगदूम ओरडला. हा दूधकट्ट्यावरचा जुना माणूस, तीन म्हशींचा धनी. "तुमचं बगळं लई उडालेत आज!"

"उडू देत की."

"न्हाई, पर आधी नुसते चमकायचे. आज पंखच मारालेत. पोरं खूष हाईत. ह्ये नवीन बसवलंय काय?"

ती शिडीवरूनच वळली. सातही बगळे फडफडत होते. म्हशी शांत, दुधाची धार शांत, नुसता वरचा डावा कोपरा पिसाटल्यासारखा झालेला. तो कोपरा म्हणजे सगळ्यात वरची दोन सप्तकं.

उन्हाने तारा उतरतात, ते ठीक. पण सर्जेरावने हा पियानो कालच लावला होता. सकाळी नऊ ते दुपारी एक. ती इथंच होती, तिने पाहिलं होतं.

"बंडाभाऊ, काल आमचे हे वरच्या पट्ट्या लावत होते ना?"

"तासभर! तीच तीच पट्टी टिंग टिंग करून डोस्कं उठवलं. माझ्या चंपी म्हशीनं दूधच चोरलं."

विजयमालाने ब्रश डब्यात ठेवला. ती शिडीवरून खाली उतरली.


(ही पाटी नाही. ही त्या दिवशीची दुपार आहे.)

"अहो, कुकरच्या किती झाल्या?"

कुकर त्याच्यापासून चार हातांवर किंचाळत होता. तो वर्तमानपत्र वाचत होता.

"हं," तो म्हणाला.

दिवाळीत दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हापासून त्याने हे 'हं' काढलं होतं आणि तिने ते रुसणं समजून घेतलं होतं. सहा महिने एक माणूस रुसतो, आणि आपण त्याच्या रुसण्याला रुसतो, आणि घरात दोन माणसं असूनही...

ती देवघरात गेली. घंटी उचलली. त्याच्या पाठीमागं, दोन हातांवर उभी राहिली आणि वाजवली.

त्याने पान उलटलं.

पुन्हा वाजवली. जोरात.

"आज उन्हाचं बाहेर पडू नकोस," तो वर्तमानपत्राकडं बघत म्हणाला. "बेचाळीस सांगितलंय."

घंटी तिने मुठीत घट्ट धरली, आता ती वाजली असती तरी त्याला ऐकू आली नसती, तरीही.


ओला रंग आहे.

कान वयाबरोबर वरून खाली जातात. आधी उंच आवाज नाहीसे होतात: घंटी, शिट्टी, चिमणी. मग बोलण्यातले 'स', 'श', 'त', 'क' झिजतात. समोरचा माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ज्याचा कान आयुष्यभर पेटीच्या पोटात गेला, त्याचं हे लवकर होतं. कानातलं यंत्र बोलणं सोपं करतं, पण सूर वेडावाकडा करून देतं. म्हणजे यंत्राने नवरा परत मिळाला असता, ट्यूनर मिळाला नसता.

आणि ज्येष्ठातल्या पहिल्या शनिवारी केळुसकर बाई पियानोंची तपासणी करायला येणार होत्या.

तपासणीत काय ठरणार हे गावाला माहीत होतं. अकराही पियानो सुरात असतील तर ते राहणार. एक जरी बेसूर निघाला, तर सगळ्यांच्या आतल्या तारा काढून विजेवर वाजणारं यंत्र बसवणार. त्याला ऊन लागत नाही, दूध लागत नाही आणि माणूस लागत नाही. चाळीस वर्षांनी हाताला आलेलं काम सर्जेरावच्या हातून जाणार होतं. ते का गेलं हे सगळ्या गावाला कळणार होतं, आणि ट्यूनरला ऐकू येत नाही यापेक्षा मोठा विनोद कोल्हापूरने वर्षभर ऐकला नसता.

त्याला सांगायचं? कसं? साठ वर्षांच्या माणसाला त्याच्या कानाबद्दल, आणि तेही सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर?

विजयमालाने विचार केला तो बोर्डवालीच्या डोक्याने. भिंतीला चीर गेली की पुट्टी भरायची. पत्र्याला गंज चढला की अस्तर मारायचं. दिसतं ते झाकायचं आणि वर स्वच्छ अक्षर काढायचं. तिच्या बापाने तेच केलं, तिनेही. त्यावरच तर घर चाललं. बाकीच्या दहा पियानोंचं काय आणि बाईंच्या कानांचं काय, हे तिने मनात येऊच दिलं नाही.

मंगळवारी दुपारी तिने आभाळी निळ्या एनॅमलचा डबा उघडला आणि वरच्या डाव्या कोपऱ्याला दोन हात दिले.

"वैनी, बगळं?" बंडा मगदूम हबकला.

"गेले."

"कुठं?"

"बगळेच ते. त्यांना काय विचारून जायचंय?"


गंगावेश पियानोजवळच्या दोरीला बांधलेल्या अभिप्रायवहीतून

"फार छान उपक्रम. – एक ज्येष्ठ नागरिक"

"इथं बसून सारखं एकच गाणं वाजवणाऱ्या निळ्या शर्टाला आवरा."

"मी निळा शर्ट. दुसरं येत नाही. शिकवा."

"बगळे परत आणा."

"बगळे परत आणा. – तालीम मंडळ"

"म्हशीचं चित्र चंपीसारखं नाही. शिंगं चुकली आहेत. – बं. मगदूम"


आरसा

न्हाणीच्या भिंतीवरचा आरसा नाहीसा झाला. विजयमालाने विचारलं, "अहो, आरसा कुठाय?" तो "हं" म्हणाला. आता तिला 'हं'चा अर्थ ठाऊक होता, म्हणून ती पुढं काही बोलली नाही. पण मग तो आरसा तिला त्याच्या हत्यारांच्या पिशवीत दिसला. पंच्यात गुंडाळलेला.

ह्या माणसाने लग्नातसुद्धा आरशात बघून फेटा बांधला नव्हता.

शुक्रवारी बंडा मगदूमने तिला गाठलं. "वैनी, एक इचारू? रागवू नका. सर्जेरावअण्णा आरसा घेऊन हिंडालेत म्हणं गावभर. मिरजकर तिकटीला दिसले, रंकाळ्याला दिसले. पियानोमागं आरसा लावतात आन् त्यात बघत बसतात. ह्या वयात..."

"ह्या वयात काय?"

"काय न्हाई. केस चांगले हाईत अजून त्यांचे."

ती रागावली नाही. पण घरी आल्यावर तिने पिशवीकडं बराच वेळ पाहिलं.


तपासणी. गर्दी करू नये.

गर्दी झाली. तालमीतले आले, भाजीवाल्या आल्या, निळा शर्ट आला. डॉ. केळुसकर सकाळी सातलाच निघाल्या होत्या आणि एकेक पियानो बघत येत होत्या. बातम्या त्यांच्यापुढं धावत येत होत्या. मिरजकर तिकटी, पास. रंकाळा, पास. दसरा चौक, पास, वरच्या पट्ट्यांना बाई 'वा' म्हणाल्या.

विजयमालाला कळेना. वरच्या पट्ट्यांना?

दहा पियानो झाले. गंगावेश शेवटचा. सर्जेराव शेवटचा हात फिरवायला तासभर आधी आला होता. त्याने पियानोचं झाकण उघडलं, तार ताणायच्या पिनेवर चावी बसवली आणि पंच्यातून आरसा काढला. पियानोच्या मागं कठड्याला तो टेकवून ठेवला, तोंड पियानोच्या पाठीकडं करून. मग पुढं येऊन उभा राहिला. पियानोच्या डोक्यावरून त्याला आरसा दिसत होता आणि आरशात पाठ.

त्याने पट्टी दाबली. आरशाकडं पाहिलं.

पुन्हा दाबली. चावी केसभर फिरवली. आरशाकडं पाहिलं. पुन्हा फिरवली. उलट फिरवली. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात गेला.

विजयमाला दूधकट्ट्यावर बसली होती, तिथून ती उठली. तिला सगळं एकदम समजलं. बाकीच्या दहा पियानोंचं, आरशाचं, 'वा'चं. हा ऐकत नव्हता. हा बघत होता. त्याला सूर डोळ्यांनी सापडला होता, आणि इथं त्याच्या डोळ्यांसमोर तिने निळ्या एनॅमलचे दोन हात मारून ठेवले होते.

सर्जेराव पियानोला वळसा घालून मागं आला. कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"ह्ये कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली.

त्याने तिच्या ओठांकडं पाहिलं. "तू?"

"फडफडत होते बगळे. तुम्ही लावून गेलात तरी. कुणाला दिसू नये म्हणून..."

"म्हंजे तुला ठाऊक होतं."

"घंटी वाजवली मी. पाठीमागं. तुम्ही वळला नाहीत."

बंडा मगदूमने नजर चंपीकडं वळवली आणि तिची पाठ उगाचच खाजवू लागला.

"मला वाटलं, तुला कळलं तर..." सर्जेराव म्हणाला. मग थांबला. "मिरजकर तिकटीला समोर न्हाव्याचं दुकान हाय. पट्टी मारत होतो. समोर आरशात पाठ दिसली. पट्टी जुळत आली तसं चित्र निवत गेलं. मी चार वेळा करून बघितलं, विजू. चार वेळा. रडूच आलं."

"मग सांगायचं नाहीत?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "मॅडम आल्या!"

"टर्पेंटाइन आणतो!" बंडा धावला.

"नको!" विजयमाला एवढ्या जोरात ओरडली की तो जागीच थबकला. "लेप विरघळंल त्याचा. मागं व्हा सगळे."

तिने कोपऱ्याच्या टोकाला नख घातलं. मऊ लेपाला एनॅमल धरत नाही, हे तिच्या बोटांना आतून माहीत होतं. घाई केली तर लेपही निघून येणार. तिने श्वास धरला. निळा पापुद्रा हळूहळू सुटू लागला, तापवून गार केलेल्या दुधावरची साय बोटाने काढावी तसा. एका बगळ्याचा पाय दिसला. मग पोट. मग अर्धा पंख. तळहाताएवढी जागा मोकळी झाली आणि पापुद्रा तुटला.

"ह्यात भागंल?" तिने वर पाहून विचारलं.

तोवर डॉ. केळुसकर येऊन उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, पायांत कोल्हापुरी, चेहऱ्यावर दहा पियानोंचा थकवा. "सुतारकाका, झालं का?" त्यांनी विचारलं.

सर्जेरावने त्यांच्याकडं पाहिलं. ज्याला ऐकू कमी येतं त्याला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. तो बोलला ते गंगावेशीच्या दोन्ही टोकांना पोचलं.

"मॅडम, मला वरचं काय ऐकू येत न्हाई!"

निळा शर्ट वाजवायच्या बेताने बसला होता, तो उठून उभा राहिला. कुणीच हसलं नाही. सगळ्या चौकात चंपीच्या शेपटीचाच काय तो आवाज.

"मग ते दहा पियानो कुणी लावले?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"कसे?"

त्याला प्रश्न ऐकू आला नसावा, पण समजला. त्याने आरशाकडं बोट केलं. आरशात आता ऊन उतरलं होतं आणि तो नुसता पांढरा जाळ फेकत होता. त्यात काहीच दिसत नव्हतं.

विजयमाला कठड्यापाशी गेली आणि आरशाच्या पुढं उभी राहिली. पाठीसमोर, त्याच्यासमोर. उजवा हात वर केला.

सर्जेरावने पट्टी दाबली.

तळहाताएवढ्या जागेत अर्धा बगळा फडफडला. तिचा हात तसाच हलला, हवेत, भरभर. त्याने चावी ओढली. बगळा मंदावला. हात मंदावला. आणखी केसभर. पंख एकदा उचलला गेला, मग जणू फांदी सापडल्यासारखा निवला. तिने मूठ मिटली.

दुसरी तार. तिसरी. पुढली पट्टी. ती हाताकडं बघत नव्हती, तो चावीकडं बघत नव्हता. सव्वीस पट्ट्या झाल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी त्या पुढं आल्या, स्वतःच्या यंत्राने एकेक पट्टी तपासली आणि यंत्र बंद करून पर्समध्ये टाकलं.

"दहा वर्षं मी हा लेप लोकांची करमणूक व्हावी म्हणून केला," त्या विजयमालाला म्हणाल्या. "हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं."

"निकाल काय मग?" बंडाने विचारलं. गावाच्या वतीने.

"निकाल वरचे देतात. अहवाल मी लिहिते." त्यांनी सर्जेरावकडं वळून शब्द सावकाश उच्चारला, ओठ मोठे करून. "पास."


नवीन पाटी (ही पुढं चार महिन्यांनी लागली, पण आत्ताच वाचून घ्या)

पियानो लावणारे हवेत. नजर चांगली असावी. ऐकू येण्याची अट नाही.

या पाटीने काय काय झालं ते लांबलचक आहे. तारा राहिल्या. मोरलेप पाठीवरून उतरून लहान फळीवर आला, आणि ती फळी आरशाशिवायच समोर ठेवता येऊ लागली. जन्मापासून बहिरी असलेली शहनाज मुजावर शनिवार पेठेत शिवणकाम करायची. ती सुईत दोरा ओवणाऱ्या नजरेने आली आणि तिसऱ्या महिन्यात सर्जेरावपेक्षा सरस पट्टी लावू लागली. तो तिच्या कामात चुका शोधायचा. सापडत नव्हत्या. घरी येऊन कुरकुरायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला नवीन काहीतरी शिकवायचा. सांगलीने दोघांना बोलावलं, मग बेळगावने.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी गर्दी पांगली तेव्हा यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.


(पाटी नाही)

दोघं दूधकट्ट्यावर बसले. बंडा मगदूमने न विचारता दोन पेले आणून ठेवले आणि न बोलता गेला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आता सांग," सर्जेराव म्हणाला.

"काय?"

"सात महिन्यांत मला जे ऐकू आलं न्हाई, ते."

ती हसली. "एवढं कुठं आठवतंय?"

"जेवढं आठवतंय तेवढं."

ती त्याच्याकडं तोंड करून बसली. "गॅस संपलाय म्हटलं होतं. तुम्ही 'हं' म्हटलात. दोन दिवस भाकरी शेजारच्यांकडं भाजल्या."

"बरं."

"तुमच्या बहिणीला नातू झाला. मी सांगितलं. हं."

"नातू? कधी?"

"रांगालाय आता. संक्रांतीला काळी साडी नेसून विचारलं, कशी दिसते?"

"आन् मी?"

"हं."

"मग बरोबरच बोललो की."

यावर ती हसायला हवी होती. ती पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग काहीतरी बोलली. त्याला ओठ हलताना दिसले, आवाज मात्र उंच चढून कुठंतरी निसटला.

"खाली बोल, विजू. खर्जात. वरचं मला लागत न्हाई."

तिने घसा खाकरला. आवाज खाली आणला, बापाकडून पाट्या शिकताना हाताचा भार खाली आणायची तसा.

"फागुनात विचारलं होतं. म्हटलं, मी बेळगावला भावाकडं राहायला जाते. कायमची. चालंल का?"

सर्जेरावने पेला खाली ठेवला.

"आन् मी..."

"हं."

"तू गेली न्हाईस."

"पिशवी भरली होती. पण ह्या पियानोला एकच हात देऊन झाला होता. दुसरा हात दिल्याशिवाय काम टाकून कसं जायचं? म्हटलं, वाळू दे, मग जाऊ. वाळंपर्यंत बगळे सुचले. मग बगळे काढत बसले."

समोर निळा शर्ट पुन्हा पियानोवर बसला होता. त्याचं तेच गाणं, पहिल्यासारखंच चुकत. वर डाव्या कोपऱ्यात अर्धा बगळा संथ चमकत होता.

"परत इचार," सर्जेराव म्हणाला.

"काय?"

"तेच. परत इचार."

विजयमालाने पेला बाजूला ठेवला. त्याच्यासमोर सरळ बसली. त्याने नजर तिच्या ओठांवर ठेवली, चावी पिनेवर ठेवतो तशी, जराही न हलवता. आणि तिने तोच प्रश्न खर्जात, एकेक शब्द सुटा करून विचारला.

"मी बेळगावला जाते. कायमची. चालंल का?"

"न्हाई!" सर्जेराव म्हणाला. "चालणार न्हाई!"

तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की चंपीने मान वळवून पाहिलं आणि निळ्या शर्टाची पट्टी चुकली.